हिरडीच्या खोल खिशात लाल प्रकाश: ठाण्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण लिहिण्याआधी रुग्णाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, मोजमापं मात्र नोंदवहीतलीच आहेत. वाचक दंतवैद्य असतील किंवा 'लेझरने पायोरिया बरा होतो' असं ऐकून दवाखाना शोधणारे असतील, दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात लिहिते.

तक्रार

रुग्ण ५२ वर्षांच्या. मूळच्या पाटण तालुक्यातल्या, लग्नानंतर वागळे इस्टेटमध्ये स्थायिक झालेल्या. नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रात सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत पोळ्या लाटतात. घरात कमावणाऱ्या मुख्यतः त्याच. मुलाची ऐरोलीत नवी नोकरी. तो सोबत आला होता आणि त्याच्या हातात दुसऱ्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक होतं. 'विनावेदना, विनाशस्त्रक्रिया लेझर हिरडी उपचार' असं त्यावर छापलेलं होतं. पूर्ण तोंडाचं पॅकेज, रक्कम बरीच मोठी. मी तपासणीचा कागद मागितला तर तसा कागद नव्हताच. हिरडीत प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, घालून एकही खोली मोजलेली नव्हती.

मावशींची तक्रार साधी होती. उजवीकडची खालची दाढ हलतेय, भाकरी चावता येत नाही, ब्रश केला की रक्त येतं आणि सकाळी तोंडाला इतका वास येतो की बोलायची लाज वाटते. डावीकडच्या खालच्या दोन दाढा काही वर्षांपूर्वी गावी असताना हलून हलून काढाव्या लागल्या होत्या. म्हणजे चावायला उरली होती ती उजवी बाजू, आणि आता तीच हलायला लागली होती.

"मॅडम, काढू नका फक्त," त्या म्हणाल्या. "ही गेली तर मी खायाचं कशानं?"

या प्रकरणातला खरा प्रश्न त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारून टाकला होता. पुढचे सगळे निर्णय त्या एका दाढेभोवती फिरत राहिले.

तपासणी

तोंडात २६ दात. प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीची खोली मोजतात, त्यामुळे एकूण १५६ जागा झाल्या. निरोगी हिरडीत प्रोब साधारण ३ मिलिमीटरपर्यंत जातो आणि रक्त येत नाही. मावशींच्या १५६ पैकी १०४ जागी रक्त आलं. ४ मिलिमीटर किंवा जास्त खोल अशा ७१ जागा, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेले खिसे, होत्या, त्यातल्या १९ जागा ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल. एक्स-रेमध्ये बहुतेक दाढांभोवतीचं हाड सारखंच खाली गेलेलं होतं. खालच्या उजव्या पहिल्या दाढेला गालाच्या बाजूने मुळांच्या फाटीत प्रोब शिरत होता, म्हणजे दोन मुळं जिथून वेगळी होतात तिथलं हाडसुद्धा झिजलं होतं.

दोन गोष्टी तोंडाबाहेरच्या होत्या. पहिली मधुमेह. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.४ टक्के. दुसरी मशेरी. लहानपणापासून. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. सकाळी उठल्यावर एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, रात्री एकदा. "ती लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. घाटावरून ठाण्यात आलेल्या त्यांच्या वयाच्या कितीतरी बायकांकडून हेच ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्यही आहे, कारण निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून मशेरी सोडायला सांगताना पोटाचंही काहीतरी सांगावं लागतं. नुसतं 'सोडा' म्हटलं तर आठवड्यात परत सुरू होते.

मशेरीने आणखी एक घोटाळा होतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आतून पोखरलेली असली तरी रक्त कमी येतं आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. मावशींना मशेरी असूनही दोन-तृतीयांश जागी रक्त येत होतं, यावरून आतली सूज किती असेल ते कळावं.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हिरड्यांच्या या आजाराची, म्हणजे पायोरियाची, तीव्रता चार टप्प्यांत आणि वाढीचा वेग ए, बी, सी अशा तीन श्रेणींत मांडतात. मावशींचा टप्पा तिसरा. श्रेणी ठरवायला सर्वांत वाईट दाताभोवतीचं हाड किती टक्के गेलं ते पाहून त्याला वयाने भागतात. इथे साधारण ५० भागिले ५२, म्हणजे एकापेक्षा किंचित कमी, म्हणून बी. पण मधुमेह असून एचबीए१सी ७ टक्के किंवा जास्त असेल तर श्रेणी सी धरतात. म्हणजे तिसरा टप्पा, श्रेणी सी.

माहितीपत्रकातला 'लेझर' नेमका कोणता?

मुलगा हुशार आणि आईबद्दल काळजी असलेला. त्याने सरळ विचारलं, "मॅडम, लेझरने होत असेल तर हे खरवडणं कशाला?"

त्याला उत्तर देताना आधी वेगवेगळे दिवे वेगळे करावे लागले, कारण माहितीपत्रकात ते सगळे एकाच नावाखाली घातले होते. दातात सिमेंट भरल्यावर ते कडक करायला जो निळा दिवा लावतात, त्याचा हिरडीच्या उपचाराशी संबंध नाही. हिरडी कापायला किंवा आतलं सुजलेलं अस्तर काढायला जास्त शक्तीचा डायोड लेझर वापरतात. तो उष्णतेने काम करतो आणि चुकीच्या हातात मुळाला आणि हाडाला भाजू शकतो. तिसरा प्रकार म्हणजे प्रकाश-सक्रिय उपचार. यात शक्ती फार कमी असते, काही कापलं जात नाही, ऊब जाणवण्याइतकीही नसते. एकटा प्रकाश इथे काहीच करत नाही. आधी खिशात एक रंगद्रव्य सोडावं लागतं आणि मग त्या रंगाला मानवेल अशा लांबीच्या लहरींचा प्रकाश टाकावा लागतो.

मूळ निरीक्षण जुनं आहे. १९०० मध्ये म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पॅरामेशियम या एकपेशीय जीवांवर अॅक्रिडिन रंगाचा परिणाम पाहत होता. त्याच्या लक्षात आलं की तोच रंग, तेवढाच रंग, उजेडात जीव मारतो आणि अंधारात मारत नाही. पुढे कर्करोगापासून त्वचारोगापर्यंत ही पद्धत पोहोचली. हिरड्यांसाठी बहुधा मेथिलीन ब्लू वापरतात. हा रंग १८७६ पासून माहीत आहे, पॉल अर्लिखने १८९१ मध्ये तो मलेरियावर वापरून पाहिला होता. तो साधारण ६६० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल, प्रकाश शोषून घेतो. टोल्युइडिन ब्लू ६३० च्या आसपासचा शोषतो, इंडोसायनिन ग्रीनला ८०० च्या पुढचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश लागतो.

रंगाच्या रेणूने प्रकाश शोषला की ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला मिळते आणि त्यातून ऑक्सिजनचं अतिशय क्रियाशील रूप तयार होतं. ते काही मायक्रोसेकंदच टिकतं आणि एका मायक्रोमीटरच्याही आत संपतं, म्हणजे एका जिवाणूच्या लांबीइतकंही दूर जात नाही. म्हणून जिवाणूला रंग चिकटलेला असेल तरच तो मरतो. मेथिलीन ब्लूवर धन प्रभार असतो आणि जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवर ऋण, त्यामुळे तो चिकटतो. हिरड्यांच्या आजारात ज्याचं नाव नेहमी येतं तो पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिससारखा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूसुद्धा त्याला बळी पडतो. एकाच वेळी भिंत, प्रथिनं, जनुकीय द्रव्य असं सगळीकडे घाव पडत असल्याने जिवाणूंमध्ये अँटिबायोटिकविरुद्ध होते तशी प्रतिकारशक्ती तयार होणं अवघड जातं. ही या पद्धतीची खरी आकर्षक बाजू आहे आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे दात दुखला की दुकानातून अँटिबायोटिक घेऊन तीन गोळ्या खाऊन थांबणारे रोज भेटतात.

पण याच यंत्रणेत तिची मर्यादाही आहे. कीटणातून, म्हणजे मुळावर कडक झालेल्या थरातून, ना रंग आत जातो ना प्रकाश. जिवाणूंचा जाड चिकट थर असेल तर रंग वरच्यावर राहतो. खिशात रक्त भरलं की रंग पातळ होतो आणि रक्तच प्रकाश खाऊन टाकतं. आणि क्रियेला ऑक्सिजन लागतो, तर खोल खिसा ही मुळात ऑक्सिजन कमी असलेली जागा. म्हणूनच तर तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात.

मावशींना मी एवढंच म्हटलं, "करपलेला तवा खरवडल्याशिवाय नुसतं साबणाचं पाणी ओतून निघेल का?" त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ, मी म्हणलं नव्हतं?"

आधी काय केलं

जून महिन्यात सुरुवात केली ती मशेरीपासून. तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मुलाने तिथे फोन लावून दिला. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके आणि त्यांच्या डॉक्टरांनी दिलेलं इसबगोल. एकदम सुटली नाही. आधी दुपारची सुटली, मग रात्रीची, सकाळची सर्वांत शेवटी, ऑगस्ट संपता संपता. मधुमेहाच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी औषध बदललं.

ब्रश कसा धरायचा ते आरशासमोर करून घेतलं. दाढांमधल्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश दिले, दोन मापांचे. या वेळी एक गोष्ट कळली जी पुढे निर्णायक ठरली. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी दिलेलं माउथवॉश वापरल्यावर त्यांचे ओठ सुजले होते, खाज सुटली होती. बाटली घरात होती. मुलाने फोटो पाठवला. त्यातलं मुख्य द्रव्य क्लोरहेक्सिडिन. त्यांच्या कागदावर हे लाल शाईने लिहिलं. क्लोरहेक्सिडिनची अॅलर्जी कमी लोकांना असते, पण असते, आणि कधी कधी गंभीर असते.

मग खोल सफाई. जागा बधिर करून, अल्ट्रासोनिक यंत्राने आणि क्युरेटने, म्हणजे हाताने खरवडायच्या बारीक पात्याच्या हत्याराने, हिरडीच्या आत मुळापर्यंत. दुपारी दोननंतरच्या वेळा ठरवल्या, त्यांचं काम बुडू नये म्हणून. जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण तोंड झालं. सफाईनंतर त्यांना दात 'मोकळे' वाटले, फटी दिसू लागल्या आणि त्या घाबरल्या. 'दात साफ केले की ढिले होतात' हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. सूज उतरली की हिरडी आपल्या जागी बसते आणि आधीच गेलेल्या हाडाची जागा उघडी दिसते, हे त्यांना एक्स-रे समोर धरून समजावलं. या एका गैरसमजापायी किती जण अर्ध्यात उपचार सोडतात! ठाण्याच्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा.

तीन महिन्यांनी

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळ्या जागा मोजल्या. रक्त येणाऱ्या जागा १०४ वरून ३१ वर, म्हणजे २० टक्के. ४ मिलिमीटर आणि त्याहून खोल ७१ वरून २२. त्यातल्या १७ जागा ४-५ मिलिमीटरच्या, ५ जागा ६ किंवा जास्त. एचबीए१सी ७.६. हिरड्यांच्या उपचाराने मधुमेहींच्या एचबीए१सीमध्ये तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास घट दिसते, असं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, आहे. मावशींची घट त्याहून जास्त होती, पण त्यात बदललेल्या औषधाचा वाटा मोठा असणार.

या टप्प्यापर्यंत प्रकाशाचा एक किरणही वापरलेला नव्हता, हे ठळकपणे सांगायचं आहे. १९ खोल खिशांतले १४ नुसत्या सफाईने, मशेरी सुटल्याने आणि साखर उतरल्याने वर आले होते. माहितीपत्रकातलं पॅकेज पहिल्या दिवशी घेतलं असतं तर या सगळ्याचं श्रेय लेझरला गेलं असतं.

उरलेल्या पाच जागा अशा: खालच्या उजव्या पहिल्या दाढेची फाट ७ मिलिमीटर, तिच्या मागच्या दाढेची मागची बाजू ६, वरची उजवी पहिली दाढ ६, वरची उजवी दुसरी उपदाढ ६, वरची डावी पहिली दाढ ७. पाचही जागी रक्त येत होतं.

पर्याय

६ मिलिमीटरच्या पुढचे खिसे उरले तर फ्लॅप शस्त्रक्रिया, म्हणजे हिरडी उचलून मूळ डोळ्यांनी पाहून साफ करणं, हा सरळ मार्ग. मी तो सुचवला. मावशींनी नकार दिला. त्यांची कारणं मला वाजवी वाटली: पाच जागा तोंडाच्या तीन भागांत विखुरलेल्या, म्हणजे तीनदा शस्त्रक्रिया, दिवाळी तोंडावर, केंद्रात फराळाच्या ऑर्डरी, आणि साखर अजून सातच्या वर, म्हणजे जखम भरायला वेळ लागणार. पोटात घ्यायची अँटिबायोटिक मला सरसकट द्यायची नव्हती. खिशात ठेवायची क्लोरहेक्सिडिनची चिप हा पुढचा पर्याय, आणि पुराव्याच्या दृष्टीने युरोपीय मार्गदर्शिका त्याला प्रकाशापेक्षा जास्त जागा देते. पण ती अॅलर्जीमुळे बाद.

उरले दोन: पुन्हा नुसती सफाई, किंवा पुन्हा सफाई आणि सोबत प्रकाश.

पुराव्याबद्दल मुलाला आणि मावशींना जे सांगितलं तेच इथे लिहिते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत सफाईला या उपचाराची जोड दिल्यावर सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त फायदा दिसला आणि शिफारस 'दुर्बळ' या पातळीची दिली गेली. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने मात्र ६६०-६७० आणि ८००-९०० नॅनोमीटरचा हा जोड-उपचार वापरू नये असं सुचवलं. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्याने ५० चाचण्या आणि १,४०७ रुग्ण तपासले. सहा महिन्यांनी खिशाच्या खोलीतला फरक पुन्हा सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा, पुरावा अत्यंत कमी विश्वासाचा, आणि फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणता येईल एवढा नाही. प्रोबने एकच जागा दोनदा मोजली तरी एक मिलिमीटर इकडेतिकडे होतं. सरासरी फायदा त्याच्या निम्मा.

मग मी तो का सुचवला? कारण शस्त्रक्रिया आणि चिप हे दोन चांगले पर्याय या बाईंसाठी त्या महिन्यात बंद होते, नुकसानीची शक्यता अतिशय कमी होती, आणि जागा पाचच होत्या. पूर्ण तोंडाला सरसकट प्रकाश देण्याचं मला कुठलंही समर्थन दिसत नाही. सफाईनंतरही हट्टाने उरलेल्या मोजक्या खिशांना, दुसरं काही करता येत नसताना, जोड म्हणून तो द्यायला माझी हरकत नाही. सहव्यवसायींपैकी काहींना हेही पटणार नाही, आणि त्यांच्या बाजूला २०२० ची मार्गदर्शिका आहे.

"मावशी, याने फायदा होईलच असं नाही. झाला तर थोडा होईल. ऑपरेशन यामुळे टळेल असं मी म्हणणार नाही."

"मंग करा. पर न्हाई झालं तर तसं सरळ सांगा."

खर्च जागेप्रमाणे सांगितला. पॅकेजसाठी मुलाने बाजूला ठेवलेल्या पैशांतून वर्षभराच्या तपासण्या आणि सफाया आधी वेगळ्या काढायला लावल्या.

प्रत्यक्ष उपचार

दिवाळीच्या आधी. मेथिलीन ब्लूबाबत दोन गोष्टी विचारून घेतल्या: नैराश्यावरची औषधं चालू आहेत का, कारण त्यातल्या काहींसोबत शिरेतून दिलेला मेथिलीन ब्लू धोक्याचा ठरतो, आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता स्वतःला किंवा घरात कोणाला सांगितली आहे का. खिशात जाणारी मात्रा नगण्य असते, तरी विचारायला काय हरकत? दोन्ही नव्हतं.

पाचही खिसे पुन्हा बधिर करून साफ केले. मग थांबलो. कापूस दाबून रक्त पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. घाई करायची नाही ती इथेच. बोथट सुईने रंग खिशाच्या तळापासून वर येत सोडला, काही मिनिटं राहू दिला आणि जादा रंग धुऊन काढला. जादा रंग राहिला तर तोच प्रकाश अडवतो, वरचा थर सगळं पिऊन टाकतो. मावशींना, मदतनीस ताईला आणि मला संरक्षक चष्मे. मग ६६० नॅनोमीटरच्या डायोडचं बारीक फायबर खिशात घालून प्रत्येक जागी एक मिनिट. दुखलं नाही, ऊबही जाणवली नाही. हिरडी आणि जीभ दुसऱ्या दिवसापर्यंत निळसर राहिली. त्याचीच त्यांना काळजी होती, गिऱ्हाईक काय म्हणेल म्हणून.

आठवड्याने रंग आणि प्रकाश पुन्हा दिला, या वेळी खरवडणं नाही. त्यामुळे रक्ताचा अडथळाही नव्हता.

उरलेल्या १७ मध्यम खिशांना नुसती सफाई केली. प्रकाश नाही.

जानेवारी

संक्रांतीनंतर मोजणी झाली. वरची उजवी दाढ, उपदाढ आणि खालची मागची दाढ, तिन्ही ६ वरून ४ वर, रक्त नाही. वरची डावी दाढ ७ वरून ५, रक्त नाही. खालच्या पहिल्या दाढेची फाट ७ वरून ६, आणि रक्त येतच होतं. पूर्ण तोंडात रक्त येणाऱ्या जागा १७, म्हणजे ११ टक्के. एचबीए१सी ७.१.

मुलगा खूश झाला. "म्हणजे लाइटने काम केलं!"

मला तसं म्हणता येत नव्हतं. त्या पाच जागी दुसऱ्यांदा कसून सफाई झाली होती. मशेरी सुटून पाच महिने होत आले होते. साखर आणखी उतरली होती. फटींचे ब्रश त्या मनापासून फिरवत होत्या. आणि ज्या १७ जागांना प्रकाश दिलाच नव्हता, त्यातल्याही ११ जागा बऱ्या झाल्या होत्या. त्या जागा मुळातच कमी खोल होत्या, तेव्हा ही बरोबरीची तुलना नव्हे. तरीही प्रकाशाशिवाय बऱ्या होणाऱ्या अकरा जागा समोर असताना चार जागांचं श्रेय प्रकाशाला देणं बरोबर झालं नसतं. एका तोंडात इतकं सगळं एकत्र बदलत असताना अर्ध्या मिलिमीटरचा वाटा कोणाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठीच चाचण्या करतात, आणि चाचण्या काय म्हणतात ते वर लिहिलं आहे.

मावशींना कबूल केल्याप्रमाणे सरळ सांगितलं: चार जागा सुधारल्या, कशाने ते सांगता येणार नाही, आणि तुमची भाकरीची दाढ अजून आजारी आहे.

तीन शस्त्रक्रियांची आता एकच उरली होती, तीही एका दाढेपुरती. याला त्या तयार झाल्या. फेब्रुवारीत हिरडी उचलली आणि फाटीच्या छताला, मुळं जिथून फुटतात तिथे आतल्या अंगाला, कीटणाचा काळपट खडा दिसला. मोहरीपेक्षा लहान. क्युरेटचं पातं दोन्ही सफायांत तिथवर पोहोचलं नव्हतं. पहिल्या दाढांच्या फाटीचं तोंड पुष्कळदा क्युरेटच्या पात्याहूनही अरुंद असतं. रंग आणि प्रकाश त्या खड्याच्या पृष्ठभागाला लागला असेल, त्याच्या आत आणि खाली नाही. खडा काढला, फाटीचं तोंड घासण्याजोगं होईल असा आकार दिला, टाके घातले. ही दाढ का सुधारली नाही याचं उत्तर डोळ्यांसमोर होतं, आणि ते ऑक्टोबरात कुठल्याही दिव्याने दिसलं नसतं.

आता

दर तीन महिन्यांनी त्या येतात. ऑगस्टच्या तपासणीत फाटीची खोली ४ मिलिमीटर होती, रक्त नव्हतं, दाढेचं हलणं कमी झालं होतं. भाकरी उजवीकडून चावतात. डाव्या बाजूच्या दोन दाढांच्या जागी काय बसवायचं, याचं बोलणं सुरू आहे. इम्प्लांट हवं असेल तर आधी साखर सातच्या खाली काही महिने टिकलेली बघेन, कारण इम्प्लांटभोवतीही हाच आजार होतो.

त्याच तपासणीत वरच्या उपदाढेजवळ मात्र ४ चे परत ५ झाले होते आणि थोडं रक्त आलं. मुलाने लगेच विचारलं, "पुन्हा लाइट देऊ या का?" मी मावशींना त्या जागी ब्रश फिरवून दाखवायला सांगितला. हिरडी बसल्याने फट रुंद झाली होती आणि जुना बारीक ब्रश दोन्ही मुळांना न घासता मधूनच जात होता. जागा साफ केली, एक माप मोठा ब्रश दिला आणि नोव्हेंबरची तारीख लिहिली. प्रकाश दिला नाही.